पाचशेच्या आतला लिंबू-लाकडाचा सेंट: कसा निवडायचा, कसा लावायचा

सेंट घ्यायला निघालो की मी खिशात पांढऱ्या टॉवेलचे चार कटपीस टाकतो. तळहाताएवढे पुरतात. सोलापूरच्या नवी पेठेत चादरी-टॉवेलच्या दुकानात काउंटरवर उभं राहून मला २१ वर्षं झाली, त्यामुळे कटपीसला तोटा नाही. तुमच्याकडे नसतील तर घरातला जुना, धुऊन मऊ झालेला सुती टॉवेल कापा, फक्त त्याला साबणाचा वास नको. दुकानात हुंगायला कागदाची पट्टी देतात, ती पहिल्या पाच मिनिटांपुरती ठीक आहे. टॉवेलच्या सुतात वास मुरतो, सावकाश सुटतो, आणि संध्याकाळी घरी आल्यावर त्या तुकड्यावर काय उरलंय ते निवांत हुंगता येतं. स्वस्तातला सेंट घ्यायचा की नाही, हे मी संध्याकाळीच ठरवतो.

मी बोलतोय ते पुरुषांच्या एकाच जातीच्या सेंटबद्दल. वर लिंबू-संत्र्याचा तजेला आणि खाली कोरड्या लाकडाचा वास. खोक्यावर 'सिट्रस वुडी' किंवा 'वुडी फ्रेश' असं काहीतरी लिहिलेलं असतं. मला तो लागला भाच्यामुळे. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेसने आला, दोन दिवस राहिला आणि जाताना बाटली कपाटावर विसरून गेला. फोन केला तर म्हणाला, "राहू द्या मामा, तुम्हीच वापरा. साडेचारशेची आहे." मी लावून दुकानात जायला लागलो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अक्कलकोटचं एक जुनं गिऱ्हाईक आलं, लग्नाच्या आहेराला चाळीस टॉवेल घ्यायला. टॉवेलची घडी उलगडून दाखवायला मी पुढे वाकलो तर ते म्हणाले, "काय लावलाय हो? कुणी दुबईहून आणलाय काय?" किंमत सांगितली तर त्यांना पटेना. मीही मग विचार करायला लागलो, की एवढ्या पैशात एवढा बरा वास येतो कसा.

कारण कच्च्या मालात आहे, आणि ते एकदा कळलं की खरेदी सोपी होते. गुलाबाचं एक किलो तेल काढायला तीन-चार हजार किलो फुलं लागतात. चंदनाच्या झाडाचा गाभा तेल देण्याजोगा व्हायला कित्येक वर्षं जातात. ऊद, म्हणजे अगरूचं सुगंधी लाकूड, तर त्याहून महाग. संत्र्याचं तेल मात्र रसाच्या कारखान्यात निघतं. रसासाठी फळं पिळायचीच असतात, साल उरतेच, त्या सालीतून तेल काढून घेतात. सिडरवुड नावाच्या सुगंधी लाकडाचं तेलही बरंचसं लाकूड कापताना पडलेल्या भुशा-ढलप्यांतून निघतं. त्यात प्रयोगशाळेतले लाकडी वासाचे पदार्थ आले. आयसो ई सुपर नावाचा एक पदार्थ १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या आयएफएफ या सुगंधी माल बनवणाऱ्या कंपनीच्या संशोधकांनी तयार केला. घासून गुळगुळीत केलेल्या लाकडासारखा, कोरडा, मऊ वास. आज तो साबणापासून उंची परफ्यूमपर्यंत सगळीकडे असतो आणि टनावारी बनतो, म्हणून परवडतो.

म्हणजे या जातीच्या सेंटमध्ये मूळ मालच स्वस्त आहे. चारशे-पाचशे रुपयांत गुलाब, मोगरा, ऊद, चंदन असं लिहिलेली बाटली घेतली तर आत नक्कलच असणार, आणि नक्कल करताना तिथे फार काटकसर करावी लागते. लिंबू-लाकडात तेवढी काटकसर करायची गरजच नाही. म्हणून माझं ठाम मत आहे: खिशात पाचशे असतील तर याच जातीचा सेंट घ्या, फुलांच्या आणि ऊदाच्या वाटेला जाऊ नका. ते घ्यायचं असेल तर पैसे साठवा आणि थोडंसंच पण खरं अत्तर घ्या.

माझ्या बाटलीचं नाव मी मुद्दाम देत नाही. स्वस्तातल्या कंपन्या खोकं बदलतात, कधी आतला मालही बदलतात, आणि नावावर विसंबून घेतलं तर यंदाची बाटली मागच्या वर्षीसारखी निघेलच असं नाही. वास ओळखता आला तर नावाची गरज पडत नाही.

ओळखायचा कसा, ते घरातच शिका. लिंबाचं ताजं पान चुरगळा आणि हुंगा. मग लिंबाची साल बोटांत दाबून तिचा फवारा नाकाजवळ उडवा. पानात हिरवा, कडसर, काडीचा वास आहे. सालीत चमक आहे. चांगल्या सेंटमध्ये दोन्ही असतात. पपनस किंवा ईडलिंबू मिळालं तर त्याचीही साल हुंगा, कारण 'ग्रेपफ्रूट' म्हणून खोक्यावर लिहितात ती कडवट चव याच घराण्यातली. लाकडासाठी शाळेच्या पोराची पेन्सिल टोकयंत्रात फिरवा आणि ताजा भुसा हुंगा. सिडरवुड हे त्याच वळणाचं असतं. आणि उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी टाकता ना, ती ओली असताना हुंगा आणि पूर्ण वाळल्यावर पुन्हा हुंगा. खोक्यावर 'व्हेटिव्हर' लिहिलेलं असतं ते म्हणजे आपला वाळाच. मातकट, मुळाचा, किंचित धुरकट. हे पाच-सहा वास नाकात बसले की दुकानातला माणूस काहीही सांगो, तुम्हाला आत काय आहे याचा अंदाज येतो.

या जातीतला नावाजलेला महाग सेंट हुंगायचा असेल तर पुण्या-मुंबईच्या मोठ्या दुकानात 'तेर द हर्मेस' मागा. २००६ साली ज्याँ-क्लोद एलेना यांनी केलेला आहे. संत्रं, गारगोटीसारखा कोरडेपणा, वाळा आणि सिडर. विकत घ्यायचं दडपण घेऊ नका, पट्टीवर मारून घ्या आणि दिवसभर खिशात ठेवा. मी तसंच केलं होतं. त्यात संत्र्याच्या सालीचा पांढरा कडूपणाही आहे, माझ्या बाटलीत तो नाही. माझी थोडी गोड आहे. पण दुपारनंतर दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या तेव्हा घराणं एकच आहे हे स्पष्ट कळत होतं.

आता दुकानातलं. सकाळी जा, जेवून जाऊ नका, आणि त्या दिवशी अंगाला काही लावू नका. आधी खोकं वाचा. उत्पादकाचा पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, बनवल्याची तारीख, वापरायची मुदत, मिली आणि एमआरपी. यातलं काही नसेल तर बाटली खाली ठेवा. 'इम्पोर्टेड' म्हणून रस्त्यावर विकतात ती बाटली मी एकदा घेतली होती, दीडशे रुपयांना, खोक्यावर ओळखीच्या परदेशी कंपनीचं नाव एका अक्षराने चुकलेलं. मानेवर लाल चट्टा उठला, आठवडाभर खाजत होता. तेव्हापासून पत्ता नसलेली बाटली मी हातातही घेत नाही.

खोक्यावर ईडीटी (ओ द त्वालेत) की ईडीपी (ओ द पार्फम) तेही पाहा. ढोबळमानाने ईडीटीमध्ये सुगंधी तेल कमी, ईडीपीमध्ये जास्त. दोन्हीत किती घालायचं याला सगळ्या कंपन्यांचा एकच नियम नाही, त्यामुळे अक्षरांवर फार जाऊ नका. 'बॉडी स्प्रे' आणि 'डिओ' मात्र वेगळी गोष्ट आहे. ते काखेसाठी, तासा-दोन तासांसाठी. हा लेख त्यांच्यासाठी नाही.

एका फेरीत तीनच बाटल्या हुंगा. चौथा कटपीस कोरा ठेवा, तो नाक परत जागेवर आणायला. कॉफीच्या बिया हुंगायला देतात काही ठिकाणी, मला त्यांचा उपयोग वाटला नाही. कोरा सुती तुकडा किंवा आपल्याच शर्टाची बाही बरी. तुकड्यावर एक-एक फवारा मारा, कोपऱ्यात पेनने १, २, ३ असं लिहा आणि निघा. दुकानदार म्हणेल, "बघा की सर, घेऊन टाका, शेवटचा पीस आहे." हसून नमस्कार करा.

फवारा मारल्यावर पहिल्या मिनिटात नाकात शिरतो तो दारूचा, म्हणजे अल्कोहोलचा वास. त्यावरून काही ठरवू नका. मग पंधरा-वीस मिनिटं लिंबू-संत्रं बोलतं. या वेळात एकच गोष्ट तपासा: वास फळाचा आहे की कपड्याच्या पावडरीचा? डायहायड्रोमायर्सेनॉल म्हणून एक पदार्थ आहे, टर्पेंटाइनपासून तयार करतात, ताजा-गार-लिंबाळ वास देतो आणि अगदी स्वस्त आहे. १९८८च्या 'कूल वॉटर' नावाच्या परदेशी सेंटमध्ये तो भरपूर होता आणि त्यानंतर पुरुषांच्या सेंटमध्ये त्याची लाटच आली. बेतात असला की छान लागतो. जास्त झाला की धुण्याच्या पावडरीसारखा, स्टीलच्या भांड्यासारखा टोचतो. स्वस्त बाटल्यांत सगळ्यात जास्त चूक होते ती इथेच. तुकडा हातभर लांब धरूनही कपाळात जातोय असं वाटलं तर तो क्रमांक बाद.

लिंबू लवकर उडतं, हा सेंटचा दोष नाही. संत्र्याच्या सालीच्या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त लिमोनीन असतं आणि ते हलकं, चटकन हवेत जाणारं द्रव्य आहे. कितीही महाग बाटली घ्या, लिंबू संध्याकाळपर्यंत टिकणार नाही. तुम्ही संध्याकाळी तुकड्यावर शोधायचं ते लाकूड. सहा तासांनी तुकडा नाकाशी धरल्यावर कोरडा, पेन्सिलीचा, वाळ्याचा काहीतरी धागा लागला तर बाटली घेण्यासारखी. गोड चिकट व्हॅनिलासारखं काही उरलं असेल, किंवा काहीच नाही, तर नको.

ज्या क्रमांकाचा तुकडा पास झाला, तोच दुसऱ्या दिवशी जाऊन अंगावर मारून घ्यायचा. कोपराच्या आतल्या बाजूला एक फवारा, वर पूर्ण बाहीचा शर्ट. आणि मग सोलापूरच्या उन्हात फिरायचं, एसीत बसून नाही. सात रस्त्यावरून पार्क चौकापर्यंत दुपारी दोनला गाडीवर जा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४३च्या पुढे जातो आणि हवा कोरडी असते. थंड हवेच्या गावात दिवसभर पुरणारा सेंट इथे निम्म्या वेळात उडतो, आणि त्यातला गोडवा मात्र उन्हात दुप्पट वर येतो. म्हणून आपल्यासाठी कोरडा, कमी गोड सेंट निवडायचा. मुंबईतल्या कुणाचं मत इथे कामाचं नाही. खाज, लाली काही आलं तर विषय संपला.

लावायची रीत. अंघोळीनंतर, अंग पूर्ण पुसून. आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तरी बादलीभर पाण्यात काखा नीट धुतल्याच पाहिजेत, तुरटीचा खडा फिरवला तर उत्तम. ताज्या घामाला फारसा वास नसतो, कातडीवरचे जिवाणू त्याचा वास करतात. न धुतलेल्या अंगावर सेंट मारला की दोन्हींचा मिळून तिसराच वास होतो आणि तो सगळ्यात वाईट. कापडवाला म्हणून आणखी एक सांगतो: पॉलिस्टरचा शर्ट घामाचा वास धरून ठेवतो, धुतला तरी पुरता सोडत नाही. सुती किंवा निदान सुताचं प्रमाण जास्त असलेला घाला, निम्मं काम तिथे होतं.

आपली कातडी उन्हाने कोरडी असते, आणि कोरड्या कातडीवर सेंट टिकत नाही. छातीवर आणि कोपराच्या आतल्या बाजूला अगदी पुसटसं बिनवासाचं व्हॅसलीन चोळा, त्यावर हातभरापेक्षा थोड्या कमी अंतरावरून फवारा. खोबरेल नको, त्याचा स्वतःचा वास मध्ये येतो. छातीला दोन, दोन्ही कोपरांत एकेक. चार फवारे पुरे. मनगटं एकमेकांवर घासायची गरज नाही, तसंच वाळू द्या. मानेवर उघड्या जागी मी मारत नाही. बर्गामोटसारख्या लिंबूवर्गीय तेलांत बर्गॅप्टेन नावाचं द्रव्य असतं, ते कातडीवर असताना कडक ऊन लागलं तर डाग पडू शकतात. चांगले उत्पादक ते काढून टाकलेलं तेल वापरतात, पण साडेचारशेच्या बाटलीत कुठलं तेल आहे हे आपल्याला बघता येत नाही. पूर्ण बाहीच्या शर्टाच्या आत लावलं की काळजी मिटते. आणि देवपूजा आधी उरका. अंगावर ओला स्प्रिट असताना समई लावायला वाकू नका, गॅसजवळ जाऊ नका.

काउंटरवर माझ्यात आणि गिऱ्हाइकात तीन फुटांचं अंतर असतं. मी घडी उलगडायला वाकलो की वास पोचावा आणि सरळ झालो की मागे राहावा, एवढंच माप मला योग्य वाटतं. गिऱ्हाईक नवीन चादर हातात घेतं तेव्हा आधी तिचा वास घेतं, नव्या सुताचा, खळीचा. तो त्याच्या खरेदीचा आनंद आहे. माझा सेंट त्याच्या आड येता कामा नये. लिंबू-लाकडाचा वास मला आवडतो त्याचं हेही एक कारण आहे, सुताच्या वासाशी तो भांडत नाही.

दुपारी जेवून आलं की वाटतं, सेंट उडाला. थांबा, लगेच पुन्हा मारू नका. आपल्या नाकाला सतत येणाऱ्या वासाची सवय होते, आणि आयसो ई सुपरसारखे लाकडी पदार्थ तर लावणाऱ्याला मधूनमधून जाणवतच नाहीत, समोरच्याला मात्र येत असतात. मी दुकानातल्या पोराला विचारतो, "येतोय का रे?" तो म्हणतो, "येतोय की मालक, भरपूर." तेवढ्यावर विश्वास ठेवतो. खरंच उडाला असेल तर संध्याकाळी एक फवारा, बनियनवर. कपड्यावर वास जास्त टिकतो.

पण बाहेरून दिसणाऱ्या पांढऱ्या कपड्यावर थेट मारू नका. सेंटमध्ये रंग असतो, काही तेलं पिवळी असतात, आणि पांढऱ्या सुतावर उठलेला तो डाग मी धंद्यातला असूनही काढू शकलेलो नाही. जानेवारीत सिद्धेश्वर महाराजांच्या यात्रेत बाराबंदी, म्हणजे बंदांचा पांढरा अंगरखा, घालणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. अक्षता सोहळ्याला सगळं पांढरंशुभ्र असतं. त्या दिवशी आधी अंगाला लावा, दहा मिनिटं वाळू द्या, मग बाराबंदी चढवा. दोनच फवारे. नंदीध्वजांच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्यांच्या, गर्दीत माणूस माणसाला चिकटून चालतो, हार-फुलांचा वास आधीच हवेत असतो, तिथे तुमचा सेंट शेजारच्याला त्रास देणारा नको.

ज्यांना लाकडाचा भाग आणखी हवा असेल त्यांच्यासाठी माझी एक आवडती युक्ती. विजापूर वेशीकडे अत्तरवाल्याकडे जा आणि थोडंसं वाळ्याचं अत्तर घ्या, खस म्हणून मागा. उत्तर प्रदेशातल्या कन्नौजला तांब्याच्या देगेत पाण्याबरोबर उकळून अशी अत्तरं काढायची जुनी पद्धत आहे. अस्सल हवं तर किंमत तशीच पडते, पण आपल्याला लागतं थेंबभर. काचेच्या काडीने छातीच्या मधोमध एक टिंब, बोटाने पसरवा, पाच मिनिटांनी त्यावर सेंटचे दोन फवारे. वर लिंबू, मध्ये कंपनीचं लाकूड, खाली खरा वाळा. उन्हाळ्यात सकाळी आठला लावलं तर दुकान वाढवायच्या वेळी, रात्री नऊला, बनियनला अजून माठातल्या पाण्याची आठवण येत असते. यात माझे महिन्याला फार तर शंभर रुपये जास्त जातात, आणि मी ते आनंदाने घालतो.

बाटली ठेवायची कुठे, यात आपल्या गावात बहुतेकांचं चुकतं. गाडीच्या डिकीत नको, पत्र्याच्या खोलीत नको, पश्चिमेच्या भिंतीला टेकलेल्या लोखंडी कपाटात नको, ते दुपारी भट्टीसारखं तापतं. मी चादरींच्या घड्यांमध्ये, लाकडी कपाटाच्या खालच्या खणात, खोक्यासकट ठेवतो. लिंबाच्या तेलाला ऊन, उष्णता आणि हवा तिन्ही सोसत नाहीत. अर्ध्याहून जास्त रिकामी झालेली बाटली आत हवा धरते, लिमोनीन बिघडतं, वास टर्पेंटाइनकडे झुकतो, आणि असं बिघडलेलं लिमोनीन कातडीला जास्त बाधतं. म्हणून पन्नास मिलीची मिळत असेल तर तीच घ्या, शंभरची स्वस्त पडते म्हणून नको. रोज लावणाऱ्याला शंभर मिली सहज सात-आठ महिने जाते, सणासुदीला लावणाऱ्याला तीन वर्षं, आणि तेवढ्यात ती खराब होते.

वर्षभरानंतर महिन्यातून एकदा कटपीसवर मारून बघत चला. लिंबाच्या जागी रंगाच्या डब्यासारखा वास यायला लागला की अंगाला लावणं बंद. उरलेलं मी चपलांच्या मांडणीखाली अंथरलेल्या जुन्या टॉवेलवर मारतो, दर आठवड्याला एक-दोन फवारे. लिंबू गेलेलं असलं तरी लाकूड तिथे अजून महिना-दोन महिने काम करतं.